गालावरचे खड्डे, छातीवरचा केलॉइड आणि सहा लेझरचं पॅकेज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. वय २७, घर सिंहगड रोडला, नोकरी हिंजवडीत, रोज दुचाकीवरून ये-जा. कॉलेजपासून पिंपल्सचा त्रास. आता दोन्ही गालांवर खड्डे आणि काळपट डाग आहेत, हनुवटीच्या कडेला अजूनही नवे पिंपल्स येतात. छातीच्या मधोमध दोन वर्षांपूर्वी एक पिंपल आला होता, त्या जागी आता टणक, गुलाबीसर, फुगलेला व्रण आहे. तो खाजतो आणि हळूहळू पसरतोय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न आहे. एका क्लिनिकने सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, त्यात चेहरा आणि छाती दोन्ही ‘क्लिअर’ होईल म्हणे. या आठवड्यात पैसे भरले तर सवलत. घ्यावं का?

आत्ता पैसे भरू नका. लेझर वाईट असतो म्हणून मी हे सांगत नाही. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मी तो अनेक वर्षं वापरतेय आणि योग्य चेहऱ्यावर त्याने फार चांगला फरक पडताना पाहिलाय. पण तुम्ही लिहिलंय त्यात चार वेगळ्या तक्रारी आहेत: चालू पिंपल्स, सपाट काळे डाग, खोल खड्डे आणि छातीवरचा फुगीर व्रण. पिंपल्स आधी आटोक्यात आले नाहीत तर बाकीचा खर्च वाया जातो. डागांना लेझर लागत नाही, उलट त्याने ते वाढू शकतात. खड्ड्यांतल्या काहींना लेझर उपयोगी पडतो, काहींना अजिबात नाही. आणि छातीवरच्या व्रणावर नुसता सीओटू लेझर मारला तर तो आधीपेक्षा मोठा होऊन परत येण्याची भीती असते. एका यंत्राने या चारही गोष्टी जातील असं सांगणाऱ्याने चेहरा नीट पाहिलेला नाही, असं मला वाटतं.

मीही तुमचा चेहरा पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तपासणीवरच ठरतील. तुमच्या त्वचेचा रंग किती गडद आहे, खड्डे कुठल्या जातीचे जास्त आहेत, सध्या कुठली गोळी किंवा मलम चालू आहे, आणि लग्नानंतर लगेच मूल हवंय का, या चार उत्तरांवर योजना बदलते. शेवटचा प्रश्न खासगी वाटेल, पण तो मी मुद्दाम विचारतेय. का, ते पुढे येईल.

तोवर घरी एक तपासणी करा. चेहरा धुऊन पुसा, खिडकीपाशी बसा आणि मोबाइलची टॉर्च गालाच्या बाजूने, कानाच्या दिशेने तिरपी धरा. समोरून प्रकाश पडला की खड्डे लपतात, बाजूने पडला की प्रत्येकाची सावली दिसते. ज्या डागाला सावलीच पडत नाही तो खड्डा नाही, नुसता रंग आहे. आता दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर जे खळगे नाहीसे होतात ते एका प्रकारचे. ताणूनही ज्यांची कड तशीच धारदार दिसते ते दुसऱ्या. आणि सुईने टोचल्यासारखी बारीक, खोल भोकं दिसली तर ती तिसऱ्या प्रकारची. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही मिसळलेले असतात, फक्त प्रमाण वेगळं असतं.

आधी सपाट डागांचं सांगते, कारण तिथेच लोकांचा सगळ्यात जास्त पैसा विनाकारण जातो. पिंपल बरा झाल्यावर उरलेला तपकिरी डाग म्हणजे सुजेमुळे तिथे जास्त तयार झालेलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. त्वचा आतून शाबूत असते, त्यामुळे हा डाग जातो. फक्त वेळ घेतो. वरवरचा असेल तर काही महिन्यांत, निळसर-करडा असेल तर तो खोलवर आहे आणि वर्षाच्या पुढेही जाऊ शकतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत हे डाग जास्त उठतात. १९७५ मध्ये अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून तिचे प्रकार मांडले. पुढे वाढवलेल्या त्या वर्गवारीत भारतीयांपैकी बहुसंख्य चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात, म्हणजे भाजणं कमी आणि काळं पडणं जास्त. पिंपलने काळं पडणारी त्वचा लेझरच्या उष्णतेनेही काळी पडते. त्यामुळे अशा डागांवर लेझर हा माझा पहिला उपाय कधीच नसतो.

डागांना लागतं ते नेमाने लावलेलं सनस्क्रीन, ॲझेलेक ॲसिड किंवा रात्री ॲडापॅलीनसारखं मलम आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या हातून सौम्य पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणारं रसायन. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, शक्यतो किंचित रंग असलेलं घ्या. त्या रंगात आयर्न ऑक्साइड असतं आणि ते नुसत्या अतिनील किरणांपासूनच नाही, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही बचाव करतं; सावळ्या त्वचेला तोही काळं करतो. प्रमाण म्हणजे दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मान मिळून. तुमचा हिंजवडीचा प्रवास बघता सकाळी निघताना आणि संध्याकाळी ऊन असताना निघालात तर तेव्हाही लावा. स्कार्फ बांधते म्हणून सनस्क्रीन लावत नाही, असं सांगणाऱ्या मुली पुण्यात मला रोज भेटतात. स्कार्फ जरूर बांधा, पण पातळ सुती कापडातून ऊन येतं. आणि रोज न धुतलेला, घामट स्कार्फ हनुवटीवर घासला की तिथेच पिंपल्स येतात. हेल्मेटचा पट्टाही त्याच जागी घासतो. तुमचे नवे पिंपल्स नेमके हनुवटीच्या कडेला येतात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे हे तपासून बघा.

एक कळकळीची सूचना. मैत्रिणीने दिलेली किंवा मेडिकलमधून सहज आणलेली गोरेपणाची मिश्र मलमं लावू नका. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनच्या जोडीला मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. पहिले तीन आठवडे चेहरा उजळतो आणि विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक लव वाढते, पिंपल्स दुपटीने येतात आणि मलम सोडलं की चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. असं काही सध्या लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूबच दाखवा. लिंबू आणि खायचा सोडा, टूथपेस्ट, लसूण यांनी भाजलेले गाल घेऊनही मुली येतात. ते डाग पिंपलच्या डागांपेक्षा हट्टी निघतात.

आता चालू पिंपल्स. पिंपल्स येत असताना खड्ड्यांवर काम सुरू करणं मला पटत नाही, कारण आज एक खड्डा भरायचा आणि पुढच्या महिन्यात नवा पडायचा. शिवाय पिकलेल्या पिंपलवरून सुया किंवा लेझर फिरवला तर जंतू पसरतात. तुमच्यासारखे, खड्डे पाडणारे पिंपल्स असतील तर डॉक्टर बहुधा आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या सुचवतील. औषध चांगलं आहे. पण ते चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. म्हणून ते घेताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गरोदरपण टाळावंच लागतं. डिसेंबरात लग्न असलेल्या मुलीला हे सांगितल्याशिवाय गोळी लिहून देऊ नये, आणि तुम्हीही विचारल्याशिवाय घेऊ नये. सासरी-माहेरी संकोच वाटेल, पण होणाऱ्या नवऱ्याला हे माहीत असायलाच हवं. पाळी अनियमित असेल, अंगावर केस वाढत असतील तर आधी हार्मोनची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. हनुवटीच्या पिंपल्समागे पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा हार्मोनशी संबंधित विकार, असणं अगदी नेहमीचं आहे.

पूर्वी आम्ही आयसोट्रेटिनोइन बंद झाल्यावर सहा महिने कुठलीच प्रक्रिया करत नसू. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुराव्यांचा आढावा घेऊन सांगितलं की सौम्य पील आणि फ्रॅक्शनल लेझर (तो काय, ते पुढे येईल) यांसाठी इतकं थांबण्याला भक्कम आधार नाही. कातडी पूर्ण सोलणाऱ्या प्रक्रियांना मात्र थांबायलाच हवं. तरीही गोळी चालू आहे हे लपवू नका. मी स्वतः अशा वेळी जपूनच, कमी तीव्रतेने काम करते.

आता खड्डे. यांवर मला सविस्तर लिहायचंय, कारण खरी कारागिरी इथेच आहे.

ताणल्यावर नाहीसे होणारे खळगे ‘रोलिंग’ प्रकारचे. यांची रुंदी चार-पाच मिलिमीटरच्या पुढे असते. वरची कातडी तशी ठीक असते, पण तिला खालून तंतूंनी ओढून धरलेलं असतं. दुलईला टाका घातला की त्या जागी खळगा पडतो ना, तसं. टाका तसाच ठेवून दुलईला वरून कितीही इस्त्री केली तरी खळगा जाणार नाही. म्हणूनच या प्रकारावर नुसता लेझर अपुरा पडतो. इथे ‘सबसिझन’ करतात. भुलीचं इंजेक्शन देऊन गालाच्या कडेने विशिष्ट सुई किंवा बोथट कॅन्युला कातडीच्या खाली सरकवायची आणि ते तंतू आतून सोडवायचे. करताना हाताला करकर जाणवते, रुग्णालाही आवाज आल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण अंगावर काटा येतो. नंतर गाल सुजतो, हिरवा-निळा होतो, ओसरायला आठवडा-दहा दिवस लागतात. ऑफिसला सुट्टी काढूनच करा. एकदा करून भागत नाही, पण रोलिंग खड्ड्यांना याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडताना मी पाहिलेला नाही, आणि पॅकेजच्या जाहिरातीत याचं नावही नसतं.

सुईने टोचल्यासारखी भोकं म्हणजे ‘आइस पिक’. तोंडाशी दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण खोल. लेझरचा किरण या भोकाच्या तळापर्यंत नीट पोचतच नाही. यांच्यासाठी कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडलेली साधी पद्धत आहे, ‘क्रॉस’. टोकदार केलेली लाकडी काडी तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक) ॲसिडमध्ये बुडवायची आणि फक्त भोकाच्या आत टेकवायची. काही सेकंदांत तो ठिपका पांढराशुभ्र होतो. मग बारीक खपली धरते, ती आठवड्याभरात पडते, आणि आतून नवं कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार होऊन भोक उथळ होत जातं. दर महिन्याला एकदा, असं चार-पाच वेळा करावं लागतं. हात स्थिर हवा. ॲसिड भोकाच्या बाहेर सांडलं तर भोक रुंदावतं किंवा गोल डाग पडतो. हेच टीसीए ऑनलाइन मागवून घरी लावणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात. कृपा करून तसं करू नका. फार खोल भोक असेल तर ते पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, काढून बारीक टाका घालतात.

धारदार कडांचे, तळ सपाट असलेले खड्डे ‘बॉक्सकार’. कांजिण्यांचे खड्डेही बहुधा असेच दिसतात. हे उथळ असतील तर मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचण्याचा उपचार) किंवा फ्रॅक्शनल सीओटू लेझर, दोन्ही चालतात. लेझरची खरी जागा ही. फ्रॅक्शनल म्हणजे तो सगळी कातडी न जाळता बारीक बारीक रकाने पाडतो आणि मधली शाबूत कातडी जखम लवकर भरते. तुमची त्वचा गडद असेल तर मी लेझरऐवजी आधी रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंग निवडेन, कारण त्यात उष्णता सुईच्या टोकापाशी, खोलवर सोडली जाते. वरचा थर कमी भाजतो आणि काळं पडण्याचा धोका कमी असतो. लेझर करायचाच असेल तर आधी कानासमोर छोट्या जागेवर चाचणी आणि चार-सहा आठवडे वाट, हा माझा नियम आहे. घरी फिरवायचा डर्मारोलर मात्र टाळा. त्याच्या सुया लवकर बोथट होतात, तिरप्या घुसतात आणि जंतुसंसर्ग होतो.

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश, हा मायक्रोनीडलिंगला जोड म्हणून ठीक. त्याच्या एकट्याच्या भरवशावर पैसे घालू नका. फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या भरावाने, रोलिंग खड्डा लगेच वर येतो, पण परिणाम काही महिने ते वर्षभर टिकतो. आणि फिलर रक्तवाहिनीत गेलं तर दुर्मिळ पण गंभीर इजा होते, म्हणून ते अनुभवी डॉक्टरकडूनच.

कशानेही गाल पूर्ववत गुळगुळीत होत नाही. नीट निवड करून, सलग वर्षभर उपचार घेतले तर खड्डे निम्म्याने किंवा त्याहून थोडे अधिक उथळ होतात. ऐकायला कमी वाटतं, पण बाजूने पडणाऱ्या उजेडात तोच चेहरा किती वेगळा दिसतो हे पाहून रुग्ण रडलेले आहेत. नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे प्रत्येक सिटिंगनंतर आरसा बघून निराश होऊ नका. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच प्रकाशात फोटो काढा.

आता छातीवरचा व्रण. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. जखमेच्या हद्दीतच फुगलेला व्रण असेल तर त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात, आणि तो कालांतराने आपणहून बसू शकतो. मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरतो तो केलॉइड, आणि तो सहसा आपणहून जात नाही. एका पिंपलच्या जागी आलेला, दोन वर्षांनीही वाढणारा, खाजणारा, छातीच्या मधोमध असलेला व्रण केलॉइडच असण्याची शक्यता मोठी आहे. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. डाव्या दंडावरची बीसीजीच्या लसीची खूण बघा: सपाट आहे की फुगीर? कान दुसऱ्यांदा टोचल्यावर गाठ आली होती का? आई-वडील, भावंडांपैकी कुणाला असं आहे का? या प्रश्नांची उत्तरं चेहऱ्याच्या उपचारांसाठीही लागतात. गालाच्या मध्यावर केलॉइड क्वचित होतो, पण जबड्याच्या कडेला होतो. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या मुलीच्या जबड्यावर मी तीव्र लेझर मारणार नाही. पॅकेज सांगणाऱ्यांनी यातलं काही विचारल्याचं तुमच्या लिहिण्यात दिसत नाही.

केलॉइडचा पहिला उपाय म्हणजे व्रणातच ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, दर तीन-चार आठवड्यांनी. दुखतं, हे आधीच सांगते. व्रण इतका टणक असतो की पहिल्या वेळी औषध आत ढकलायला जोर लावावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो मऊ पडतो आणि त्रास कमी होतो. खाज बहुतेकींची पहिल्याच महिन्यात थांबते. नुसत्या स्टेरॉइडने भागलं नाही तर त्यात फाइव्ह-एफयू हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात किंवा आधी द्रव नायट्रोजनने गोठवतात. कातडी पातळ होणं, पांढरट पडणं, पाळी मागेपुढे होणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते. कापून टाकायचा आग्रह धरू नका. नुसतं कापलेला केलॉइड निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा परत येतो, आणि अनेकदा मोठा होऊन. केलॉइडवर सिलिकॉनची पट्टी लावता येते, पण दिवसातून बारा तासांहून जास्त वेळ आणि किमान दोन-तीन महिने. आणखी एक गोष्ट लग्नाआधी ठरवा: मंगळसूत्राची लांबी. वाटी नेमकी व्रणावर घासत राहिली तर तो चिघळत राहतो. आखूड किंवा बरंच लांब घ्या, सोनाराला तसं सांगा.

डिसेंबरपर्यंत पाच महिने आहेत. तुमच्या जागी माझी भाची असती तर मी असं केलं असतं. जुलैत पिंपल्सचं औषध, रोज सनस्क्रीन आणि छातीतलं पहिलं इंजेक्शन. ऑगस्टच्या शेवटी पिंपल्स थांबले असतील तर सबसिझन आणि भोकांवर क्रॉस. सप्टेंबरच्या अखेरीस मायक्रोनीडलिंग, ऑक्टोबरच्या अखेरीस जमलं तर दुसरं. पावसाळ्यात ऊन कमी म्हणून हा काळ सोयीचा, पण ढगांतूनही अतिनील किरण येतात, सनस्क्रीन सोडायचं नाही. नोव्हेंबरमध्ये चेहऱ्यावर नवं काहीही नाही. ब्लीच नाही, नवं फेशियल नाही, पार्लरच्या कुणी सुचवलेलं पील नाही. हळदीच्या दिवशी गालांना हळद फक्त टेकवू द्या, चोळू देऊ नका. नुकत्याच उपचार झालेल्या त्वचेवर कोरडी हळद आणि पीठ खसखसून चोळल्याने चेहरा लाल होतो आणि दुसऱ्या दिवशी मेकअप बसत नाही. बाकीचं काम लग्नानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालू ठेवा.

कुणाकडे जावं? पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच असेल तर पुढे विचारा. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का, किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, आणि लेझर प्रत्यक्ष कोण मारणार, डॉक्टर की मदतनीस? काळं पडलं तर पुढचा उपचार कोण करणार? पैसे प्रत्येक सिटिंगला द्यायची तयारी दाखवा. जे क्लिनिक सहाही सिटिंगचे पैसे आधीच मागतं, त्याला दुसऱ्या सिटिंगनंतर योजना बदलायची मुभाच उरत नाही. खर्चाची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. थांबावं लागतं, पण केलॉइडसारख्या महिनोन्महिने चालणाऱ्या उपचाराला तो पर्याय चांगला आहे.

तपासणीला जाताना मेकअप न लावता जा, सध्या वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि छातीवरचा व्रण कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून दाखवा.